विश्रांतीचे वीस सेकंद

अंगावर काही धातू?
घड्याळ, कानातलं, दाताची तार, पेसमेकर?
बोर्गहिल्ड मान हलवत जाते: नाही, नाही, नाही.
अंगठी?
ती उजव्या हातात होती, म्हणते.
आमच्याकडे लग्नाची उजव्याच हातात घालतात,
तुला माहीत आहेच.
मी कागदावर ‘नाही’पुढे खूण करतो.

सेन्या बेटावरून पहाटेची बोट, पुढे बस.
पहाट म्हणायची ती घड्याळाकडे बघून.
डिसेंबरात ट्रॉम्सोला सूर्य उगवत नाही,
दुपारी बाराला आभाळ जरा निळं होतं,
सांडलेली शाई कुणी घाईत पुसावी तसं,
आणि संपतं.

कॉड सोलायच्या यंत्रात गेला हात,
आठ वर्षांपूर्वी,
मनगटाच्या वर चार बोटं.
दुखतो तो मात्र तोच.
रात्री दोनला, साडेतीनला.

डाव्या मुठीत रबरी फुगा देतो:
घाबरलात तर दाबा.
पाळणा आत सरकतो.
काचेतून मला फक्त तिचे पायमोजे दिसतात,
लाल-पांढरे, एका हातानं विणलेले,
दुसरी सुई काखेत धरून.
यंत्र ठोकायला लागतं,
पत्र्याच्या छपरावर कुणी खिळे मारत बसल्यासारखं.
तिच्या डोळ्यांवरच्या आरशात आळीपाळीनं दोन शब्द:
‘हलवा’, वीस सेकंद.
‘विश्रांती’, वीस सेकंद.
नसलेली बोटं मिटा, उघडा.
मग काही करू नका.

लोक विचारतात, मेंदू खरंच उजळतो का?
नाही हो.
कवटीत कसला आलाय दिवा!
जिथं काम चाललंय तिथं रक्त धावत जातं,
तेही पाच-सहा सेकंद उशिरा,
वरातीमागून घोडं,
आणि लागतं त्याहून जास्तच.
आम्ही त्या घोड्याचे फोटो काढतो.
लाल-पिवळा रंग नंतरचा,
मी टेबलापाशी बसून भरलेला,
आकडा रेषेच्या वर गेला तर.

तिचा एकही गेला नाही.
‘हलवा’तून ‘विश्रांती’ वजा केली,
राहिला राखाडी मेंदू,
हाताच्या जागी काहीच नाही.
प्राध्यापक एल्लिंगसेन चष्मा वर ढकलून म्हणाले,
आठ वर्षं झाली, पुसला गेला असेल नकाशा.
कॉफी दे तिला. बसचं भाडं दे.

कॉफी दिली.
सहज विचारलं, विश्रांतीच्या वेळी काय करत होता?
तिनं माझ्याकडे पाहिलं,
शाळेत पहिल्यांदा आलेल्या पोराकडे पाहावं तसं.
विश्रांती?
अरे, मूठ मिटलेलीच असते माझी.
नखं तळव्यात रुतलेली, दिवसरात्र.
तुझा ‘हलवा’ आला की ढकलून ढकलून उघडते,
तीन बोटं सुटतात कशीबशी,
अंगठीचं येत नाही, घट्ट झालीय.
आणि ‘विश्रांती’ आलं की
परत मिटते, जास्तच जोरात.

म्हणजे दोन्हीकडे तोच हात.
तेवढाच राबणारा.
सारख्यातून सारखं गेलं की शून्यच उरणार,
हे चौथीतल्या मुलालाही येतं.
गणित आमचं चुकलं नव्हतं.
हातचा धरायचा राहिला होता.

एल्लिंगसेनना सांगितलं. ते गप्प बसले,
मग म्हणाले, तुलना दुसऱ्या कशाशी तरी करायला हवी.
कशाशी, ते नाही बोलले.

चारच्या बसला ती गेली.
उजवी बाही टाचणीनं वर खोचलेली,
डाव्या हातानं निरोप, आखडता,
जसा हात मोकळा नसलेली माणसं देतात.

रात्री एकटाच यंत्राच्या खोलीबाहेर बसलो.
हे चुंबक कधीच बंद करत नाहीत,
दिवे गेले तरी त्याची ओढ चालूच असते,
दारावर तशी पाटी आहे.
पुढच्या वेळेसाठी पडद्यावरचे शब्द बदलायला घेतले.
‘हलवा’ ठेवला.
‘विश्रांती’ पुसला.
तिथं काय लिहायचं
ते अजून सुचलेलं नाही.